कुमुदच्या नावाचा सोमवार

पुणे,
४ ऑगस्ट १९६४

ती. सौ. गीताताईस,

धाकट्या इंद्रभानाचा नमस्कार. महिनोन्‌महिने पत्र नाही म्हणून तू चिडली असशील, ते चिडणं मला इथवर ऐकू येतं. पण आता कारणासकट लिहितो. मला इथल्या एका मासिकात नोकरी लागली आहे. सध्या मुद्रितं तपासतो, आलेली पत्रं निवडतो, संपादकांचा चहाही सांगतो. कायम झालो नाही, पण होईन अशी चिन्हं आहेत.

काम असं आहे. ऑक्टोबरच्या अंकात आम्ही ‘वाचक काय वाचतो?’ असं सदर काढतो आहोत. पुण्यामुंबईच्या वाचकांची उत्तरं आली. प्राध्यापक आहेत, डॉक्टरीणबाई आहेत. संपादक म्हणाले, खेड्यातलं कुणीच कसं नाही? त्यातून एखादी बाई मिळाली तर बहार येईल. मी तत्काळ म्हटलं, माझी मावसबहीण आहे. मलकापूरला आमच्या शेजारच्या आळीत राहायची, सातवी पास आहे, आणि भज्यांचा पुडा हातात आला तर आधी पुड्याचा कागद वाचायची, मग भजी खायची!

तर ताई, या प्रश्नांची उत्तरं लिहून पाठव. आपण फावल्या वेळात वाचन करता काय? पुस्तके कोठून मिळवता? कोणता लेखनप्रकार आवडतो? वाचनामुळे आपली मते बदलली काय? आपणांस शहरी जीवनाचे आकर्षण वाटते काय? शहरातील स्त्रीविषयी आपले मत काय?

मनमोकळं लिही. छापायचं आहे म्हणून जपून लिहू नकोस, आपल्या माणसाशी बोलतेस असं समज. उत्तमरावांना आणि तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
इंद्रभान


निंबोरी, पो. धामणगाव बढे,
१९ ऑगस्ट १९६४

चि. इंद्रभान यास,

ताईचे आशीर्वाद. नोकरी लागली हे वाचून जीव भांड्यात पडला. मावशीला कळवलंस की नाही? नसशील तर आजच कळव.

आता तुझे प्रश्न. वाचले आणि पहिल्याच प्रश्नाला माझं डोकं फिरलं. ‘फावल्या वेळात वाचन करता काय?’ हे तुमच्या संपादकांनी काढलं ना? त्यांना माझ्यातर्फे विचार, त्यांच्या घरात फावला वेळ कुणाला मिळतो आणि त्यांच्या बायकोनं तो शेवटचा कधी पाहिला होता. इथं निंदण-खुरपण चाललंय. पहाटे भाकऱ्या, मग बायकांबरोबर शेतात, आल्यावर पुन्हा चूल. मी वाचते ती वेळ चोरून. चुलीवर दूध ठेवलं की ते वर येईपर्यंत दोन पानं होतात. कधी तीन होतात, तेव्हा दूध उतू जातं आणि बोलणी बसतात. लिही हे.

पुस्तकं मिळतात गावच्या वाचनालयातून. एक कपाट आहे, वाचनालय सांभाळणारे रामराव त्याची किल्ली जानव्याला बांधल्यासारखी जपतात. बाईनं वाचनालयाची पायरी चढू नये असा नियम कुठंही लिहिलेला नाही. पण चढलेली बाई मी पाहिलेली नाही. पुस्तक येतं आमच्या ह्यांच्या नावावर. ह्यांना वाचनाचा कंटाळा, तेव्हा मी सांगते, जाड पाहून आणा. एकदा कुक्कुटपालनावरचं जाडजूड पुस्तक आणलं. रामरावांनी मुद्दाम दिलं असणार. मी तेही शेवटच्या पानापर्यंत वाचलं. कोंबड्यांच्या रोगांवर आता कुणाशीही वाद घालीन. नागपूरचा पेपर मलकापूरहून बसनं येतो, तो आधी पारावर, मग दुकानात, आणि माझ्या हाती येतो तो गुळाला गुंडाळून. त्यामुळे देशात काय झालं ते मला कळतं, पण चिकट होऊन.

मतं बदलली का म्हणतोस, तर एक बदललं. पूर्वी मला वाटायचं छापलेलं सगळं खरं असतं. आता तसं वाटत नाही. कादंबरीत बाईनं जरा मान वर केली की शेवटच्या प्रकरणात तिला क्षय का होतो रे? हे लेखक लोक तिला जगू का देत नाहीत? तुमच्याकडे लेखक येत असतील तर एकाला तरी धरून विचार.

शहराचं म्हणशील तर मी पुणं आठ दिवस पाहिलंय, तुझ्याच खोलीवर राहून. घरात नळ आहे, हे मला फार आवडलं. रस्त्यावर बाई एकटी पुस्तक घेऊन चालली तर कुणी वळून पाहत नाही, त्याचा तर मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. पण तुझ्या त्या घरमालकीणबाई! मी पाणी मागितलं तर म्हणाल्या, ‘अय्या, परत बोला ना, किती गंमत वाटते ऐकायला.’ मी काय तमाशातली होते? आणि तू शेजारी उभा राहून हसत होतास. ते मी विसरले नाही. शहरातील स्त्रीविषयी माझं मत एवढंच आहे की तिनं पाणी मागणाऱ्याला आधी पाणी द्यावं.

आता पुढचं तुझ्यासाठी आहे, मासिकासाठी नाही. बजावून सांगते.

चातुर्मासात आमच्याकडे रोज दिवेलागणीनंतर पोथी असते. सासूबाई यजमान, मी वाचणार, आळीतल्या सात-आठ बायका ऐकायला. अध्याय संपला की सासूबाई पोथीला हळद-कुंकू वाहतात, फूल ठेवतात, सगळ्या नमस्कार करतात. यंदा आषाढात मला एक दुर्बुद्धी म्हण की सुबुद्धी म्हण, सुचली. अध्याय झाला आणि मी पोथीच्या खालून कादंबरी काढून तिचं एक प्रकरण वाचलं. तीही लाल फडक्यातच गुंडाळून ठेवते, म्हणजे ओसरीवरून कुणी पुरुष डोकावला तर प्रश्न नको. वच्छलाबाई आणि इतरांना ठाऊक आहे, त्या तोंडात पदर धरून ऐकतात. सासूबाईंना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, ही पोथीतलीच पुढची कथा.

कुमुद नावाची मुलगी आहे त्यात. नवरा घराबाहेर काढतो, माहेर दार लावून घेतं, ती शहरात जाते आणि दवाखान्यात फरशी पुसायचं काम धरते. सासूबाई इतक्या गुंतल्यात की बोलायची सोय नाही. त्या कादंबरीलाही कुंकू वाहतात. वाचनालयाच्या पुस्तकाचा पुठ्ठा लाल झालाय, परत करताना काय सांगायचं देव जाणे. आणि कुमुदला घराबाहेर काढलं त्या दिवसापासून सासूबाईंनी तिच्या नावाचा सोमवार धरलाय. तिचं भलं होईपर्यंत सोडणार नाहीत. मला आधी हसू आलं, मग ते विरलं. त्यांना सांगायचं धाडस होत नाही. सांगितलं तर हे वाचन बंद होईल, आणि दिवसभरात माझं म्हणावं असं तेवढंच आहे. आता आम्ही कुठं पाव पुस्तकापर्यंत आलोय. पुढचं मीही वाचलेलं नाही, मुद्दाम. आधी वाचलं तर ते माझ्या तोंडावर दिसतं आणि बायका प्रसंग यायच्या आतच रडायला लागतात.

तब्येतीला जप. खानावळीत भाकरी मिळते का?

तुझी,
गीताताई


पुणे,
१ ऑक्टोबर १९६४

ती. सौ. ताईस,

घाईत चार ओळी. अंक निघाला! बुकपोस्टानं तुला स्वतंत्र पाठवला आहेच. तुमच्या वाचनालयातही आमचं मासिक येतं असं वर्गणीदारांच्या यादीत दिसलं, म्हणजे सगळं गाव वाचील. संपादक तुझ्या पत्रावर बेहद्द खूश आहेत. थोडी रंगसफेदी केली आहे, ती धंद्याची रीत असते, वाचलंस की समजेल. प्राध्यापकांची उत्तरं कुणी वाचत नाही, सगळे तुझंच पान काढतात.

आणि ऐक, पहिल्या तारखेपासून मी कायम झालो. पेढे उधार.

तुझा,
इंद्रभान


निंबोरी,
१४ ऑक्टोबर १९६४

इंद्रभान,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, तेव्हा तसंच सुरू करते.

‘कादंबरीला कुंकू!’ एवढ्या मोठ्या अक्षरांत. त्याखाली चित्र, नऊवारीतली तोंडाचं बोळकं झालेली एक म्हातारी पुस्तकाला ओवाळते आहे. माझ्या सासूबाईंचे सगळे दात शाबूत आहेत. खाली माझं नाव आणि गावाचं नाव, ओळखण्यात कुणाची चूक व्हायला नको! मी बजावून लिहिलं होतं की हे तुझ्यासाठी आहे. तुला अक्षर लागलं नाही? की लागलं, आणि तेवढंच छापण्याजोगं वाटलं? लेखक बायकांना जगू का देत नाहीत, हे मी विचारलं होतं, ते गाळलंस. नळाचं गाळलंस. घरमालकीणबाईंचं तर गाळणारच.

आणि ही भाषा कुणाची रे? ‘मले तं बाप्पा शयरात लय भेव वाट्टे.’ असं मी लिहिलं होतं? मी शुद्ध, सरळ, शाळेत शिकवलं तसं लिहिलं होतं. शहराची मला भीती वाटते असं तर चुकूनही लिहिलं नव्हतं. मी बोलते तशी बोलते, त्याची मला लाज नाही. मलकापूरच्या आळीत तूसुद्धा तसंच बोलायचास, माझ्यापेक्षा जास्त. पुण्यात गेल्यावर ते बोलणं तू स्वतःच्या तोंडातून काढलंस आणि लोकांना हसवायला माझ्या तोंडात कोंबलंस. ही तुझी रंगसफेदी!

आता इथं काय झालं ते ऐक, म्हणजे पेढे गोड लागतील.

अंक वाचनालयात आला. रामरावांनी तो पायरीवर बसून मोठ्यानं वाचला. अर्धा गाव जमला होता. आमचे हे तिथूनच चालले होते, ते मान खाली घालून घरी आले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी रामरावांचा निरोप, पुस्तक ताबडतोब आणून द्या, खराब केलंत, आणि उत्तमरावांचं नाव वाचनालयातून कमी केलं आहे. म्हणजे माझं वाचन संपलं. कोंबड्यांचंसुद्धा.

हे मी सोसलं असतं. पण विहिरीवर कुणीतरी सासूबाईंना म्हणालं, ‘सुभद्रामामी, तुमी तं पुस्तकात आल्या!’ त्या घरी आल्या, पाट घेऊन माझ्यासमोर बसल्या, म्हणाल्या, ‘वाच. काय हाये त्याच्यात ते वाच.’

मी त्यांना रोज वाचून दाखवते, इंद्रभान. माझ्या आवाजावर त्यांचा विश्वास आहे. त्याच आवाजात मी त्यांना ‘अडाणी भाबडी म्हातारी’ वाचून दाखवलं. एक ओळ गाळायला गेले तर म्हणाल्या, ‘थांबली काऊन? तिथं काय हाये?’ तीही वाचली. शेवटपर्यंत वाचून घेतलं त्यांनी. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. मग एवढंच विचारलं, ‘म्हंजे कुमुद नाहीच?’

मी म्हटलं, नाही. लेखकानं मनानं रचली.

त्या उठल्या. दुसऱ्या दिवशी पोथी फडक्यात बांधून देवळात नेऊन दिली. आता तिथं महाराज वाचतात आणि सासूबाई तिथं जाऊन बसतात. माझ्याशी बोलणं कामापुरतं. दिवेलागणीनंतर वच्छलाबाई येऊन दारातून पाहतात आणि परत जातात. मी चुलीपाशी बसते. दूध उतू जात नाही आता, तेवढं एक चांगलं झालं.

तू कायम झालास. अभिनंदन!

गीता


पुणे,
२२ ऑक्टोबर १९६४

ती. सौ. ताईस,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. पण ताई, तू शांतपणे विचार कर. यात दुष्टावा काहीच नव्हता. आम्ही जे लिहिलं ते कौतुकानं लिहिलं. किती पत्रं आली आहेत! एका वाचकानं लिहिलंय, ‘खेड्यातील हे निरागस मन पाहून डोळे पाणावले.’ भाषेचं म्हणशील तर लोकांना मातीचा वास आवडतो. शुद्ध भाषेत तू लिहिलेलं छापलं असतं तर ते कुणी खेड्यातलं मानलंच नसतं. संपादकच म्हणाले, ही बाई खरी वाटत नाही, जरा खरी करा. मी नोकरीत नवा, कच्चा, नाही कसं म्हणणार?

आणि सासूबाईंना वाचता येत नाही, त्यामुळे त्यांच्यापर्यंत ते पोचेल असं मला वाटलंच नाही. ते पोचायला नको होतं हे कबूल. पण एका अर्थी बरंच झालं असं नाही वाटत? आज ना उद्या त्यांचा गैरसमज दूर व्हायचाच होता. कादंबरी आणि पोथी यांतला फरक त्यांना कळला, हेही एक प्रकारचं प्रबोधनच. तुमचे ते रामराव मात्र फारच कोत्या मनाचे दिसतात.

रागावणार नसलीस तर एक सांगतो. संपादकांना तुझं दरमहा एक पान हवं आहे. नावही काढलंय, ‘वऱ्हाडची वहिनी’. सासूबाईंचा एखादा फोटो मिळाला, पुस्तकाला कुंकू लावतानाचा, तर सोन्याहून पिवळं. मलकापूरला फोटोवाला आहे, त्याची मी व्यवस्था करतो. बघ, तुझंही नाव होईल.

दिवाळीला येता येणार नाही. कामाचा डोंगर आहे. राग सोड.

तुझा,
इंद्रभान


निंबोरी,
९ नोव्हेंबर १९६४

इंद्रभान,

यंदा भाऊबीजेला तुझ्या नावानं चंद्राला ओवाळलं नाही. तू लांब असलास तरी इतकी वर्षं ओवाळायचे. यंदा ताट भरलं आणि परत ठेवलं.

तुझ्या ‘वऱ्हाडची वहिनी’ला माझं उत्तर तुला ठाऊक आहे. ते इथं लिहिलं तर टपालखातं पत्र परत पाठवील. खरी वाटत नाही म्हणून मला खरी केलीत होय? मी खरीच होते. तुमच्या संपादकांना हवी तशी नव्हते, इतकंच.

हे पत्र मी लिहिणारच नव्हते. पण परवा एक गोष्ट घडली. सासूबाई दुपारी लुगडं बदलून बाहेर पडल्या. मला वाटलं देवळात निघाल्या. त्या गेल्या वाचनालयात. पायरी चढून आत, रामरावांच्या टेबलाशी. मला वच्छलाबाईंनी पळत येऊन सांगितलं, मी गेले तोवर दारात माणसं गोळा झाली होती. सासूबाई म्हणत होत्या, ‘रामराव, तू हसला तं हसला. आता ते पुस्तक दे.’ रामराव म्हणाले, ‘बाई, ते बांधणीले गेलं, खराब झालं तुमच्या कुंकवानं. आन् बायांचं इथं काही काम नसते.’ सासूबाई म्हणाल्या, ‘कुंकवानं काही खराब होत नसते रे. तुह्या मायले विचार.’ आणि शांतपणे उतरून आल्या. माणसांनी वाट दिली. कुणी हसलं नाही.

घरी आल्या, पाट घेतला, मला म्हणाल्या, ‘कागद घे. त्या तुह्या भावाले लिही. मी सांगतो ते लिही, आन् एकबी शब्द बदलवजो नको.’ तेव्हा खालचं पत्र माझं नाही, त्यांचं आहे. त्या बोलल्या तसं लिहिलंय. यात रंगसफेदी करशील तर मी तुझी बहीण नाही.

गीता


इंद्रभान,

मी सुभद्रा बोलतो, गीता लिहून राह्यली.

तू मले अडानी म्हटलं. हाव, हाये मी अडानी. मले अक्षर येत नाही. त्याचा मले राग नाही. ते पोथीतलं हाये असं मले वाटलं, तेबी खरं हाये. सुनेनं मले फसवलं, त्याच्यावरून तिचं-माहं जे बोलनं झालं ते घरातलं हाये. तुले त्याच्याशी काही करनं नाही.

पन तू हसला कायले? मी कुंकू लावलं ते काय कागदाले लावलं? नवऱ्यानं काढून देल्लेल्या बाईले लावलं. तिच्या कपाळाले हात लावाले कोनी तयार नव्हतं म्हून लावलं. हे तुले एवढं शिकून समजलं नाही, आन् वरून चार गावात वाजवलं. लाज वाटाले पाह्यजे तुले. तुह्या त्या मालकालेबी सांग मी असं म्हटलं म्हून.

माही एक धाकटी बहीन होती, रुख्मिणी. गीताले हे मालूम नाही, आता लिहिता लिहिता थांबली पाह्य. लिही वं, थांबू नको. तिले रोहिणखेडले देली होती. उत्तम माह्या पोटात होता तवा तिच्या नवऱ्यानं तिले काढून देलं. काही कसूर नव्हता तिचा. बाप म्हने, देल्ली तिथंच मरू दे, इथं आनू नका. मंग ती पायीच मलकापूरले गेली. टेशनावर आमच्या गावच्या मानसानं तिले मंबईच्या गाडीत बसताना पाह्यलं. त्याच्यानंतर काहीच नाही. मायच्या घरात तिचं नाव घ्याची बंदी झाली. ती मेली असं कोनी म्हटलं नाही म्हून सुतक नाही, जित्ती हाये असं कोनी म्हटलं नाही म्हून वाट पाहनं नाही. माय मेली तवाबी तिच्या तोंडात ते नाव आलं नाही. मी आत्ता घेतलं, इतक्या सालानं.

म्या लय पोथ्या ऐकल्या. देव वनात गेला, राजा वनात गेला, रानी वनात गेली, सारे वापस आले. फरशी पुसनारी बाई कोन्याच पोथीत नव्हती. गीता वाचाले लागली तवा मले वाटलं, आली बापा एकदाची. कोनीतरी लिहिलं तिचं. म्हून सोमवार धरला.

आता गीता म्हनते, ते लेखकानं मनानं लिहिलं. मनानं लिहिलं तं मंग त्याले मालूम कसं झालं? तूच सांग.

तू म्हनतो, मले आता फरक समजला. हाव, समजला. देवळात महाराज वाचते, मी ऐकतो, पन ध्यान लागत नाही. दवाखान्याच्या फाटकाशी कोनी आलं म्हने कुमुदले भेटाले, तिथंच आमचं पुस्तक बंद झालं. कोन आलं? नवरा आला का भाऊ आला? का बहीन आली? रुख्मिणीचं पुढचं मले कोनं सांगितलं नाही. हिचं तरी समजू दे. पुस्तक पाठव. पोथी मी उद्या देवळातून वापस आनतो. गीता पहिल्यावानीच वाचंन, पहिले पोथी मंग कुमुद, फडकं काढून, दार उघडं ठेवून. कोनाले हसाचं असंन त्यानं ओसरीवर बसून हसावं. रामरावालेबी जागा हाये.

फोटो पाह्यजे म्हने तुले. फोटो नाही भेटत. त्याच्या जाग्यावर हे छाप. मी बोलली तसंच छाप, वरतून काही लिहू नको, खालतून काही लिहू नको. गीता म्हनते तुमचं पुस्तक मंबईले जाते, घराघरात जाते. रुख्मिणीले वाचता येत नव्हतं. पन ती तं मानसाळू होती, कोनाच्या ना कोनाच्या घरी कामाले असंन, कोनी ना कोनी तिले वाचून दाखवंन.

नाव पुरं लिहिजो. सुभद्रा, निंबोरीची. लिहिजो का मी हाये अजून, आन् सासरा मरून गेला, आता ह्या घरात कोनाले विचाराचं काम नाही. तिनं सरळ आत यावं.